लिंब पलीकडं गेला त्याची हकीकत

मी शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी ठशांची चित्रं करायची. म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीनं कोरायचं, वर रूळ फिरवून शाई लावायची, त्यावर पातळ कागद ठेवून पाठीमागून घासायचं. कागद उचलला की चित्र तयार. मोठ्या ठिकाणी या कामाला दाबयंत्र असतं. आमच्या गारखेड्यातल्या दोन खोल्यांत ते आणलं असतं तर सासूबाईंना गॅलरीत झोपावं लागलं असतं. म्हणून मी भात वाढायच्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासायची. काम त्यानं फार छान व्हायचं. फक्त जेवणाच्या वेळी सासूबाई आतून विचारायच्या, "आज भात वाढायचाय का डोंगर छापायचाय, ते एकदा ठरव."

चित्रं सगळी निसर्गाची. पहाट, चंद्र, पाणी, एखादं एकटं झाड, लांबवर निळसर डोंगर. ज्यांना आवडायची ते म्हणायचे, स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. ज्यांना आवडायची नाहीत ते म्हणायचे, चष्मा काढून पाहिल्यासारखं वाटतं. दोघांचंही कारण एकच होतं : धुकं. आमच्याकडं खरं धुकं वर्षातून चार-पाच सकाळी पडतं, तेही सूर्य वर आला की पळून जातं. माझ्या चित्रांत ते बारा महिने मुक्कामाला असायचं. विजेचे खांब, मोटारीची खोली, बांधावरून गेलेले काळे पाइप, जे जे मला काढायला आवडत नसे किंवा जमत नसे, ते सगळं मी धुक्यात बुडवून टाकायची.

माझे यजमान वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. दिवसभर सुटे भाग हातात घेऊन हे चालेल, हे नाही चालणार, असं ठरवणं हा त्यांचा धंदा. घरी आल्यावर माझ्या चित्रासमोरही ते तसेच उभे राहायचे, हात मागं बांधून.

"या धुक्यात नक्की काय काय आहे?" ते विचारायचे.

"काही नाही. वातावरण आहे."

"हं," म्हणायचे आणि चहा मागायचे.

आता शेताकडं येते. माझ्या मामांचं गाव लासूर स्टेशनपासून थोडं आत, गंगापूर तालुक्यात. मामांच्या रानाला लागून त्यांच्या चुलतभावाचं रान. तेही नात्यानं मामाच. लहानपणी आम्ही भावंडं एकाला अलीकडचे मामा आणि दुसऱ्याला पलीकडचे मामा म्हणायचो, ती सवय मोठेपणीही राहिली. गाडरस्त्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला अलीकडच्या मामांची कपाशी, उजव्या हाताला पलीकडच्या मामांची, मधे बांध, आणि बांधावर एक भला थोरला लिंब. लिंब म्हणजे कडुलिंब. समोर लांब डोंगर, त्याचं एक टोक बैलाच्या वशिंडासारखं वर आलेलं.

या लिंबावरून दोघं मामा एकमेकांशी बोलत नव्हते. किती वर्षं, ते विचारलं तर दोघंही वेगवेगळा आकडा सांगायचे. अलीकडचे म्हणायचे, लिंब मुळात माझ्या रानात होता, त्यानं नांगर घालून घालून बांध माझ्याकडं सरकवला. पलीकडचे नेमकं तेच म्हणायचे, फक्त उलट्या बाजूनं. गंमत अशी की लिंब दोघांना हवा होता आणि त्याची सावली दोघांनाही नको होती. सावलीत कपाशी वाढत नाही. सकाळी सावली अलीकडच्या रानात पडायची तेव्हा अलीकडचे मामा कुरकुरायचे आणि दुपारनंतर ती पलीकडं गेली की कुरकुरही पलीकडं जायची.

एका डिसेंबरात मी आईला घेऊन चार दिवस मामांकडं गेले होते. एका सकाळी गाडरस्त्यावर दगडावर बसून मी वहीत त्या लिंबाचं रेखाटन केलं. घरी येऊन ठसा कोरला. दोन्ही विहिरी, दोन्ही मोटारी आणि तीन खांब धुक्यात बुडवले. राहिला बांध, लिंब आणि मागचा डोंगर. पंधरा प्रती छापल्या आणि चित्राला नाव दिलं 'बांधावरची पहाट'.

फेब्रुवारीत शहरात आम्हा काही शिक्षकांचं प्रदर्शन भरलं. एका स्थानिक पेपरानं त्याची बातमी दिली आणि बातमीसोबत नेमकं माझं लिंबाचं चित्र छापलं. खाली चक्क गावाचं नावही घातलं. मी त्या पेपराच्या पाच प्रती घेतल्या. शाळेत पेढे वाटले.

पुढच्या शनिवारी दुपारी दारात पलीकडचे मामा उभे. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी, डोक्यावर टोपी, खिशात घडी घातलेला तो पेपर. आमच्या घरी ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. पाणी प्यायले आणि पेपर उघडून माझ्यासमोर धरला.

"हे तूच काढलंय व्हय, बाई?"

"हो मामा, मीच."

"हा आपल्या बांधावरलाच लिंब ना?"

"तोच."

"तोंडानं म्हणतीस, का लिहून बी देशील?"

मला वाटलं, खेड्यातल्या माणसाची कौतुक करायची ही एक तऱ्हा असेल. मी हसले आणि आतून मूळ चित्र आणून दाखवलं. मामांनी ते खिडकीपाशी नेलं. नाक कागदाला टेकेल इतकं जवळून पाहिलं. बांधाच्या रेषेवरून बोट फिरवत लिंबापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं.

"झकास," ते म्हणाले. "लई झकास. जिथं पाहिजे तिथं हाय."

खरं सांगते, मला गहिवरून आलं. इतकी वर्षं चित्रं करत होते, पण रचनेबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी ते चित्र त्यांना भेट म्हणून द्यायचं तिथंच ठरवलं.

मामांनी कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं मी पेन्सिलनं ३/१५ लिहिलं होतं.

"हा गट नंबर का?"

"नाही मामा. पंधरा प्रती छापल्या, त्यातली ही तिसरी."

"म्हंजी आनखी चौदा नकला हायेत?"

"हो."

मामांचा चेहरा उजळला. "नकला असलेल्या बऱ्या," ते म्हणाले. मग त्यांनी सही शोधली. "ही तर पेन्सिलनं केलीय. पेन्सिल खोडता येती. पेनानं कर."

ठशाच्या चित्रावर पेन्सिलनंच सही करायची रीत असते. पण एवढ्या रसिक माणसाला रीत काय सांगायची? मी पेनानं सही केली. मामांनी तारीख घालायला सांगितली, ती घातली. इतक्यात यजमान कामावरून आले. मामा उठून म्हणाले, "जावईबापू, बरं झालं आलात. तुमची बी एक होऊन जाऊ द्या, शेजारी."

यजमानांनी पायांतले बूट न काढता पेन घेतलं. कारखान्यात ते दिवसाकाठी शंभर कागदांवर सह्या करायचे. हाताला लागलेली सवय, त्यांनी सही ठोकली आणि तिच्या वर लिहिलं, 'तपासले'.

मामा चित्र खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले. त्या संध्याकाळी डहाळे सोलता सोलता मी यजमानांना म्हटलं, "बघा. शेतकरी माणूस, पण दृष्टी केवढी!"

मंगळवारी अलीकडच्या मामांचा फोन आला. एरवी ते फोनवर ओरडून बोलायचे, त्या दिवशी आवाज अगदी खाली होता.

"बाई, माझं काय चुकलं?"

"का हो मामा?"

"तुला खांद्यावर बसवून रानात नेली. याच लिंबाखाली तुला हुरडा भाजून घातला. आन तू तो लिंब उचलून त्याला देऊन टाकलास?"

"मी? लिंब?"

"गावभर दाखवीत फिरायलाय. म्हनतो, बघा, माझ्या रानात लिंब हाय, छापील हाय, भाचीनं सही करून दिलंय. वर तंटामुक्तीच्या समितीत अर्ज दिलाय. रविवारी बैठक हाय." इथं मामांचा आवाज चढला. "आन जावयानं तपासले म्हनून लिहिलंय! मानपान करून मुलगी दिलेला जावई!"

मी फोन ठेवला आणि रेखाटनाची वही काढली. वहीत लिंब बांधाच्या डावीकडं होता. भिंतीवर लावलेल्या दुसऱ्या प्रतीत तो बांधाच्या उजवीकडं होता.

ठशाचं असं असतं की जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडं जातं. म्हणून रेखाटन आधी उलटं करून मग ठशावर उतरवायचं असतं. हे मी मुलांना दरवर्षी शिकवायची. पण अक्षरं असतील तरच मी स्वतः तेवढे कष्ट घ्यायची. झाडाला आणि डोंगराला काय डावं-उजवं, असं म्हणून निसर्ग मी सरळच कोरायची. आजवर एकाही झाडानं तक्रार केली नव्हती.

यजमानांना सांगितलं. त्यांना आधी हसू आलं, मग आठवलं आणि ते पलंगावर उठून बसले.

"मी सही केलीय त्यावर."

"हो."

"इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून उलटा माल बाहेर गेला नाही," ते म्हणाले आणि भिंतीवरच्या प्रतीसमोर हात मागं बांधून उभे राहिले.

रविवारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. मी मागं बसले होते, मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेला ठसा आणि रेखाटनाची वही. बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. समितीचे अध्यक्ष बी-बियाण्यांचं दुकान चालवायचे, शांत माणूस. टेबलावर माझं चित्र मांडलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. एका भिंतीला अलीकडचे मामा, समोरच्या भिंतीला पलीकडचे मामा, दाराशी दोन्ही घरच्या मामी आणि गावातली सात-आठ माणसं. चित्राच्या एखाद्या प्रदर्शनाला मी इतकी मन लावून बघणारी गर्दी कधी पाहिली नाही.

मी आधी वही दाखवली. "हे बघा, हे मी जागेवर बसून काढलंय. यात लिंब डावीकडं आहे."

पलीकडचे मामा म्हणाले, "पेन्सिलनं काय, कुनीबी कायबी काढतं. हे छापील हाय."

खोलीतल्या माना डोलल्या. छापील ते छापील. मग मी ठसा काढला. "या ठशावरून ते छापलंय. यातही लिंब डावीकडं आहे, बघा."

अध्यक्षांनी ठसा पाहिला, कागद पाहिला. "पाटीवर डावीकडं, कागदावर उजवीकडं. मधल्या मधी लिंब चालत गेला व्हय, ताई?"

माझं लक्ष त्यांच्या खिशाकडं गेलं. समितीचा रबरी शिक्का खिशातून डोकावत होता. मला एकदम सुचलं. "तुमचा शिक्का काढा बरं. रबरावर अक्षरं कशी आहेत?"

त्यांनी शिक्का उलटा करून पाहिला. "उलटी."

"आता कागदावर मारा."

त्यांनी मारला. "सुलटी आली."

"तसंच हे. ठशावर एक, कागदावर त्याच्या उलट."

अलीकडच्या मामांनी भिंत सोडली आणि छाती पुढं काढली. मलाही वाटलं, जिंकलो. तेवढ्यात पलीकडचे मामा सावकाश म्हणाले, "अध्यक्ष, मला एक सांगा. शिक्क्यात खरं कोनतं धरायचं? रबरावरलं का कागदावरलं?"

"कागदावरलं," अध्यक्ष म्हणाले.

"मग इथं बी कागदावरलंच खरं."

मुलांना ठसा शिकवताना मी हाच शिक्क्याचा दाखला देत आले होते, पण त्यातून असं काही निघेल हे मला कधी सुचलं नव्हतं. यजमान खाली बघत होते. शेवटी मी कबूल केलं, "मामा, शिक्का करणारा अक्षरं मुद्दाम उलटी कोरतो. मी लिंब उलटा कोरायचा विसरले."

"विसरली कशी? सही केली तवा नाय आठवलं? जावयानं तपासलं तवा नाय दिसलं?"

अध्यक्षांनी पेन उचललं. अलीकडच्या मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या पलीकडच्या मामी दोन पावलं पुढं आल्या. मघापासून त्या पदर तोंडाशी धरून चित्राकडं बघत होत्या. लिंबाकडं नाही, वरच्या भागाकडं.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पर डोंगर उलटाय की."

"तू गप ऱ्हा."

"गप काय? डोंगराचं वशिंड खुलताबादच्या अंगाला असतंय. उजवीकडं. हितं डावीकडं गेलंय." त्यांनी बोट ठेवलं. "वशिंडाखाली माझं माहेर हाय. मला नाय कळायचं?"

त्या बोलल्या आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर पुन्हा तोंडाशी धरला. पलीकडच्या मामांनी बायकोकडं असं पाहिलं की मला मामांचीच दया आली.

अध्यक्ष उठले. "आरसा हाय का कुनाकडं?"

आरसा आमच्या मोटारसायकलला होता. सगळी बैठक बाहेर आली. यजमानांनी गाडीचा आरसा फिरवून धरला, मी त्याच्यासमोर चित्र धरलं. एका वेळी दोनच माणसांना दिसत होतं, म्हणून रांग लागली. जो तो वाकायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "डोंगर बराबर. लिंब डावीकडं." पलीकडचे मामा रांगेत सर्वांत शेवटी उभे राहिले, पण राहिले.

"चला, जागेवरच जाऊ," अध्यक्ष म्हणाले.

रानात ऊन चढलं होतं. यजमानांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला छोटी पोलादी टेप असायची. मंगळवारपासून मनाला लागलेली चूक त्यांना तिथं भरून काढायची होती. ते गुडघ्यावर बसले, बांधाची रुंदी मोजली, खोडाची जाडी मोजली, अलीकडून मोजलं, पलीकडून मोजलं.

"खोड बरोबर मधोमध आहे," ते उठत म्हणाले. मग चित्र हातात घेऊन त्यावर टेप लावली. "चित्रात मात्र लिंब बांधाला सोडून दोन बोटं लांब आहे. या प्रमाणात रानात धरलं तर साधारण पंधरा फूट."

दोन्ही मामांनी एकाच वेळी माझ्याकडं वळून पाहिलं. खरं तर हे लपवायला तिथं धुकं असायला हवं होतं.

"बाई," अलीकडचे मामा म्हणाले, "लिंब तू सरकवला?"

"थोडासा, मामा. चित्रात झाड मधोमध आलं की चांगलं दिसत नाही."

"कुनाला?" पलीकडच्या मामांनी विचारलं.

"म्हणजे… बघणाऱ्याला."

अलीकडचे मामा भडकलेच. "आमच्या बापापासून लिंब मधोमध हाय, आजवर कुनाला वाईट दिसला नाय, आन तुलाच तेवढा वाईट दिसला!"

"आरं, मधोमधच हाय तो!" पलीकडचे मामा तितक्याच जोरानं म्हणाले. "हिला काय कळतंय?"

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग अध्यक्षांनी खिशातून कागद काढला, माझ्या वहीवर ठेवला आणि भराभरा लिहायला लागले. "लिंब बांधाच्या मधोमध. दोघांनीबी सर्वांसमोर सांगितलं. बरोबर ना, मंडळी?"

"बरोबर," मंडळी म्हणाली.

आता दोघांनाही मागं फिरायला जागा नव्हती. अध्यक्षांनी लिंबाच्या खोडावर कागद टेकवून शिक्का मारला, दोघांच्या सह्या घेतल्या. यजमानांकडं कुणी सही मागितली नाही. त्यांनी तसा हात खिशाकडं नेला होता.

परत येताना दोघं मामा शेजारी शेजारी चालत होते आणि बोलत होते. माझ्याबद्दल. "ढोलीचं भोक कुठं दाखवलंय तिनं?" "आन खालचा फाटा?" "तो तर वीज पडून गेला ना." "पर आधी होता तसा तर काढायचा." "इहीर बी नाय काढली." "तुझी नाय आन माझी बी नाय." इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं सगळं माझ्या चित्राच्या चुकांवर निघालं, आणि चुका भरपूर होत्या, त्यामुळं गावात पोचेपर्यंत पुरल्या. त्या दिवशी पलीकडच्या मामांनी बऱ्याच वर्षांनी अलीकडच्या ओसरीवर चहा घेतला. बशीतला चहा फुंकत त्यांनी मला विचारलं, "शाळेतबी असंच शिकवतीस का पोरांला?"

भांडणं त्यानंतरही झाली, पाण्यावरून झाली, बैलानं पीक खाल्लं म्हणून झाली. पण ती तोंडानं झाली. अलीकडच्या मामांनी मात्र हट्ट धरला की आपल्याही घरात चित्र पाहिजे. मग मी रेखाटन नीट उलटं करून दुसरा ठसा कोरला. आता अलीकडच्या घरात लिंब डावीकडं आहे आणि पलीकडच्या घरात उजवीकडं, ज्याच्या त्याच्या रानात. दोघांचीही तक्रार नाही. पाहुणे आले की दोघंही चित्र दाखवतात आणि झाड कसं चुकलंय ते समजावून सांगतात.

त्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा पलीकडच्या मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. नवरा बाहेर आहे ना, ते डोकावून पाहिलं.

"बाई, मला बी एक काढून दे. पर लिंब नगं. लिंब बघून बघून जीव कावलाय. निस्ता डोंगर दे."

तो डोंगर मी फार जपून केला. आधी गाडरस्त्यावर बसून तीनदा काढला, यजमानांकडून तपासून घेतला, वशिंड उजवीकडं आहे ना ते ठसा आरशासमोर धरून पाहिलं. मामींनी तो चुलीसमोरच्या भिंतीवर लावला. पुढच्या वेळी गेले तर धुरानं पिवळा पडला होता आणि एका कोपऱ्यात हळदीची बोटं उमटली होती. मी म्हटलं, "मामी, दुसरा आणून देते."

"नगं," त्या म्हणाल्या. भाकरी थापता थापता त्यांनी मान वर करून डोंगराकडं पाहिलं आणि पिठाचा हात लांब करून वशिंडाच्या खाली एक जागा दाखवली. "हितं आमची वस्ती. अन् इथनं असं खाली उतरलं का आमची इहीर."

मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि त्या विहिरीवर त्यांच्या बहिणीनं एकदा कळशी कशी पाडली, ते सांगायला घेतलं.